आभार मानायला तेवढी मी

‘भाषण पल्लवी देईल. तू आभार मान.’

सर एवढंच बोलले. सौंसरच्या आमच्या शाळेतली प्रयोगशाळा त्या दिवशी वक्त्यांसाठी मोकळी केली होती. मी बेसिनपाशी उभी राहून मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते. पाण्याची बाटली आईनं घरून भरून दिली होती, पोरीचा आवाज बसू नये म्हणून. सरांचं वाक्य ऐकलं तेव्हा घोट तोंडातच होता. थुंकायचं सुचलं नाही. गिळला.

मी अकरावीत होते. तालुक्यातल्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा, यजमान आमची शाळा, विषय ‘श्रमाची प्रतिष्ठा’. प्रत्येक शाळेचा एकच वक्ता. आमच्याकडून मी बोलणार, हे सरांनीच ठरवलं होतं. भाषण मी लिहिलं होतं, सरांनी ते घासूनपुसून घेतलं होतं. शाळा सुटल्यावर ते मला रिकाम्या वर्गात फळ्यापाशी उभं करायचे आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. ‘मले ऐकू आलं पाहिजे, पण तू ओरडली नाही पाहिजे,’ म्हणायचे. असा मास्तर मला पुन्हा मिळाला नाही, हेही सांगून टाकते. खोटं कशाला बोलू.

पल्लवी म्हणजे आमच्या गावच्या पाटलांची मुलगी. आमचं गाव रामाकोन्याच्या अलीकडे. आम्ही दोघी एकाच वर्गात. ती पाटलांच्या गाडीनं यायची, मी बसनं. माझे बाबा तिच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत रोजीनं जायचे. स्पर्धेचा मांडव पाटलांनी टाकून दिला होता आणि पाहुण्यांचं जेवणही त्यांच्याकडूनच होतं.

‘सर, भाषण तर मी पाठ केलं.’

‘तिनं पण केलं. मीच दिलं तिले.’

मी बाटलीला झाकण लावलं. सरांना वाटलं असावं की समजावून सांगायला हवं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर तीन गोल काढले, मला शिकवताना काढायचे तसेच. हे गोल मला पाठ होते. लोकांचं मन वळवायचं तर तीन गोष्टी लागतात, हे जुन्या ग्रीक लोकांनी शोधून ठेवलंय, असं सर सांगायचे. एक, बोलणाऱ्याची पत. दोन, ऐकणाऱ्याच्या भावना. तीन, मुद्द्यातला तर्क.

‘तुझा तर्क पक्का हाये,’ सर म्हणाले. ‘भावना तर विचारूच नको. पण पत? ती मंचावर चढायच्या आधी घरून आणावी लागते, पोरी. लोक आधी पाहतात, बोलते कोण. कोणाची हाये. पल्लवी बोलली तर म्हणतील, पाटलाची पोरगी असून मजुराबद्दल बोलते, वा! तू बोलली तर म्हणतील, चाललं यांचं रडगाणं.’

आणि त्यांनी पहिल्या गोलावर खडूनं टकटक केलं. रागानं नाही. गणित समजावतात तसं.

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी कशी ऐकायची आणि कशी फेडायची, हे आमच्या मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण इथं माझा अपमान फळ्यावर आकृती काढून चालला होता. वर तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शहाण्यांच्या नावावर. मी मान हलवली. समजलं, सर.

मांडवात बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी बागेतला खाडा केला होता. लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा घातला होता. मी मंचाच्या बाजूला पडद्याआड उभी होते, तिथून ते मला दिसत होते.

पल्लवी उठली. छान बोलली, कशाला नाही म्हणू? पहिल्याच वाक्याला थांबली. सरांनी मला शिकवलं होतं तिथेच थांबली. आणि बाबांचे ओठ हलायला लागले. मी घरी चुलीपाशी उभी राहून इतक्यांदा म्हणून दाखवलं होतं की बाबांना सगळं तोंडपाठ झालं होतं. पल्लवी मंचावर बोलत होती आणि माझा बाप शेवटच्या रांगेत तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणत होता.

मग ते वाक्य आलं. मी लिहिलं होतं: ‘माझे बाबा शिडीवर चढतात, संत्र्याचे काटे त्यांच्या हातात मोडतात, आणि संध्याकाळी माझी आई सुईनं ते काढते.’ पल्लवी म्हणाली: ‘आमच्या बागेतला एक मजूर शिडीवर चढतो, संत्र्याचे काटे त्याच्या हातात मोडतात, आणि संध्याकाळी त्याची बायको सुईनं ते काढते.’

बाबांचे ओठ थांबले.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. पल्लवीला पहिला नंबर मिळाला. मग माझं नाव पुकारलं. मी मंचावर गेले आणि आभार मानले. अध्यक्षांचे, परीक्षकांचे, मांडव आणि भोजनाबद्दल पाटील साहेबांचे. आणि आपल्या ओघवत्या वाणीनं सर्वांना मंत्रमुग्ध करणाऱ्या पल्लवीचे. ‘मंत्रमुग्ध’ हा शब्द मी स्वतःच्या मनानं घातला. आभार तरी चांगले व्हावेत, असं मला वाटलं होतं. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीपाशी बसले. सौंसर मागे पडलं. मग म्हणाले,

‘भाषण तं तुहंच होतं.’

‘हो.’

‘मंग आभार काहून मानले?’

मी बसच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही.

आमच्याकडच्या कार्यक्रमांची एक रीत आहे. आधी दीपप्रज्वलन, मग हारतुरे, मग प्रास्ताविक, मग वक्ते, मग अध्यक्षीय भाषण, आणि सगळ्यात शेवटी आभार प्रदर्शन. प्रास्ताविक करणारा सांगतो की आज आपण कशाला जमलो. म्हणजे गोष्ट काय आहे हे तो ठरवतो. वक्ते ती रंगवतात. अध्यक्ष शिक्का मारतात. आभार म्हणजे लोकांची चपला शोधायची वेळ. सतरंजीवरच्या बाया पोरांना उठवत असतात, मागे वाढपी पातेली ओढत असतात, आणि मंचावर कोणीतरी माईक धरून नावं घेत असतो.

तो कोणीतरी बहुतेक आमच्यातला असतो. कॉलेजात गेले, आभार माझ्याकडे. ‘तुझा आवाज चांगला आहे न,’ म्हणून. लोधीखेड्याच्या शाळेत अतिथी शिक्षक म्हणून लागले, पंधरा ऑगस्टला आभार माझ्याकडे. पांढुर्ण्याला शिक्षकांचं शिबिर झालं, विषय होता ‘प्रभावी वक्तृत्व’, शिकवायला सरच. तेच तीन गोल. ‘आधी समोरच्याचं एक कबूल करा, मग आपलं मांडा. प्रश्न विचारा आणि उत्तर देऊ नका, ते लोकांच्या तोंडून येऊ द्या. महत्त्वाची गोष्ट तीनदा म्हणा. आणि थांबायला शिका.’ मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं, जणू पहिल्यांदाच. शिबिर संपलं. आभार? माझ्याकडे.

चौदा एप्रिलला आमच्या स्वतःच्या विहारापुढे कार्यक्रम असतो. मंडप आमचा, वर्गणी आमची, निळे झेंडे आमचे. पाटील येतात, हार घालून घेतात, दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. मग आमच्यातलाच कोणी उठून त्यांचे आभार मानतो, की अमूल्य वेळ काढून आले. चिडून मी एकदा लक्ष्मण काकांना म्हटलं की आपल्याच घरी आलेल्याचे आपण इतके आभार काहून मानतो? लक्ष्मण काका विहार समितीचे अध्यक्ष, बाबांचे जुने सोबती. ते म्हणाले, ‘पोरी, आभारानं कोणाचं काही जात नाई.’

जातं. काय जातं, ते मला पांदणीनं शिकवलं.

आमच्या मोहल्ल्यापासून स्मशानापर्यंत एक पांदण होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, दोन्ही बाजूंना शेतं. पंचायतीच्या नकाशावर ती आजही आहे. मी कॉलेजात असताना पाटलांनी बाग वाढवली. पांदणीवर संत्र्याच्या ओळी आल्या, तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं. फाटकाला कुलूप आलं. तेव्हापासून मोहल्ल्यातली मयत नाल्यातून न्यायची. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात नाला फुगतो.

बाबा दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेले. सकाळी पाऊस थांबला होता, पण नाल्याला पाणी होतं. माझा चुलतभाऊ पुढच्या बाजूला खांद्याला होता. मधोमध त्याचा पाय शेवाळावर सरकला. तिरडी एका अंगाला कलली आणि बाबांचा उजवा हात बांधणीतून सुटून पाण्यात गेला. ज्या हातातले काटे आई सुईनं काढायची तो हात. आई काठावर उभी होती. तिनं हंबरडा फोडला नाही. ‘सावकाश नेजा रे,’ म्हणाली फक्त. पलीकडे कुंपणाच्या आत पांदणीची वाट कोरडी दिसत होती. तिच्यावर ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या.

त्यानंतर मोहल्ला गप्प बसला नाही. सौंसरच्या तहसीलमध्ये खेपा घातल्या. पटवारी आला, मोजणी झाली, पांदण आहे हे निघालं. रस्ता मोकळा करा असा तहसीलदारांचा हुकूम झाला. मला वाटलं, संपलं. हुकूम झाला म्हणजे रस्ता झाला, असं मानणारी मी पण एक शिकली-सवरलेली अडाणीच.

पाटील चिडले नाहीत. ते आमच्याहून हुशार. त्यांनी कार्यक्रम ठेवला.

कार्यक्रमाआधी सर आमच्या घरी आले. निवृत्त झालेत, पण आजूबाजूच्या गावांत मंच कुणाचाही असो, संचालन त्यांचंच. आईनं चहा ठेवला. सर म्हणाले, ‘पाटलांचं मन मोठं आहे. फाटक उघडून देऊन राहिले. कार्यक्रमात आभार तूच मान. मोहल्ल्यातल्या कोणी मानले तर शोभून दिसते.’

‘सर, फाटक त्यांना उघडावंच लागते. तहसीलदाराचा हुकूम हाये.’

‘हुकमाचं कशाला काढतं? गोडीनं होऊन राहिलं तर होऊ दे न.’

‘मंग मले वक्त्यांमध्ये घ्या. मी पांदणीवर बोलते. माझ्या बाबांची मयत नाल्यातून गेली, ते मी सांगीन.’

सरांनी कपात पाहिलं. ‘वक्ते भरले सगळे. आता तुले कुठं बसवू? आभारात घाल न एखादं वाक्य. तुले तर येते.’

मी हो म्हटलं. माईक तेवढाच मिळत होता. आणि खरं सांगते, मला वाटलं की मी जिंकीन. सरांनीच शिकवलेल्या सगळ्या युक्त्या माझ्याजवळ होत्या. रोज शाळेतून येताना मी मनात भाषण बांधत होते. आधी पाटलांचं एक कबूल करायचं, की फाटक उघडलं हे चांगलं झालं. मग बाबांचा हात. मग प्रश्न: ज्या वाटेवर आमचे आजे-पणजे गेले, ती वाट दिली कोणी आणि घेतली कोणी? इथं थांबायचं. मग तीनदा: ही पांदण आहे, ही पांदण होती, ही पांदण राहील. एवढ्यावर दगडालाही पाझर फुटेल, असं मला वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी फाटकाला फुगे बांधले होते. वर मोठा बॅनर: ‘दानशूर पाटील साहेबांच्या सौजन्याने बौद्ध मोहल्ल्यासाठी रस्त्याचे लोकार्पण.’ मी तो पुन्हा पुन्हा वाचला. सौजन्याने.

आमचे लोक सतरंजीवर, मंचावर खुर्च्या. सरांनी प्रास्ताविक केलं. फार सुंदर केलं. दानाच्या परंपरेपासून सुरुवात केली आणि अलगद फाटकापर्यंत आले. मग वक्ते. सरपंच बाई मंचावर होत्या, बोलले त्यांचे यजमान. ते म्हणाले, अशी माणसं आता दिसत नाहीत. ज्यानं स्वतः साखळी धरून पांदण मोजली तो पटवारी म्हणाला, पाटलांचं बडप्पन आहे. पल्लवी नागपूरहून आली होती, तीही बोलली. तिचा आवाज आता जड झाला आहे, पण थांबते अजून तिथेच. ‘रस्ता म्हणजे नातं,’ म्हणाली. शेवटी पाटील बोलले. त्यांना भाषण येत नाही. ते एवढंच म्हणाले, ‘हे लोक माह्याच घरचे हायेत. मी यायले रस्ता देऊन राहिलो. जवपर्यंत गोडीनं राहतीन, तवपर्यंत फाटक उघडं हाये.’

जोपर्यंत गोडीनं राहतील तोपर्यंत.

टाळ्या पडल्या. आमच्या लोकांनीही वाजवल्या. मी कुणाकडे पाहावं ते मला कळेना. एवढं उघड बोलला माणूस आणि कोणाच्या लक्षात आलं नाही? की आलं होतं, आणि टाळ्या तरीही वाजत होत्या?

‘आता आभार प्रदर्शन,’ सर म्हणाले.

मी माईकपाशी गेले. लोक उठत होते. मसाले भाताचा वास आला होता. बाया चपला शोधत होत्या, पोरं बुंदीच्या पातेल्याकडे धावली होती, मंचावर पाटील कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मी भाषण सुरू केलं. ‘आज फाटक उघडलं, ही चांगली गोष्ट झाली...’ पहिल्या रांगेतल्या लक्ष्मण काकांनाही ऐकू गेलं नसेल. मी थांबले, शिकवलं होतं तशी. माझं थांबणंही कोणाला ऐकू गेलं नाही.

तेव्हा मला कळलं. या युक्त्या ज्याच्यापुढे लोक बसलेले असतात, त्याच्यासाठी आहेत. लोकांना बसवायचं कधी आणि उठवायचं कधी, हे आधीच ठरलेलं असतं. ते ठरवणारा आपल्याला उठायच्या वेळेचा माईक देतो, वर म्हणतो, तुले तर येते, घाल एखादं वाक्य. मी इतकी वर्षं युक्त्या घोटत राहिले. गाढवासारखी.

आणि आणखी एक कळलं. मी आभार मानले की गोष्ट पक्की होणार होती. दिलेल्या वस्तूचेच आभार मानतात. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडून एकदा आभार निघाले की पांदण त्यांची झाली आणि आम्ही पाहुणे झालो. म्हणून तर त्यांना आमच्यातलं माणूस हवं होतं. तहसीलदाराच्या हुकमावर माझ्या आभाराचा बोळा फिरवायचा होता.

बाबांचा प्रश्न मला माईकपाशी ऐकू आला. मंग आभार काहून मानले?

मी भाषण सोडून दिलं. युक्ती नाही, प्रश्न नाही, काही नाही. माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं,

‘मी आभार मानत नाही.’

वाढप्याच्या हातातलं भांडं थांबलं. खुर्च्यांचा आवाज थांबला.

‘ही पांदण कोणी दिली नाही. ती आमचीच होती. तुम्ही ती घेतली होती आणि आज हुकूम झाला म्हणून सोडली. आपल्याच वाटेवरून जायचे आभार आम्ही मानणार नाही. माझ्या बापाचा हात नाल्यात गेला होता. त्याचं काय ते बोला.’

पाटलांनी फोन खाली घेतला. सर लगबगीनं आले आणि माझ्या हातातून माईक काढून घेतला. खेचला नाही, काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तसा. आणि हसून लोकांना म्हणाले,

‘पोरगी भावनेच्या भरात बोलून गेली. नुकताच बाप गेला तिचा, समजून घ्या. मोहल्ल्याच्या वतीनं मीच पाटील साहेबांचे मनापासून आभार मानतो. सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा.’

दोन वर्षं म्हणजे नुकताच. मोजणी, नकाशा, हुकूम, हा सगळा माझा तर्क होता. सरांनी एका वाक्यात तो उचलून भावनेच्या गोलात टाकून दिला. पत त्यांची. तर्क त्यांचा. आमच्या वाट्याला भावना, आणि तीही समजून घ्यायची.

लोक जेवले. आमचे पण जेवले. मी घरी आले.

पुढच्याच आठवड्यात फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. पाटलांच्या माणसानं निरोप दिला: इज्जत दिली होती, ठेवता नाही आली.

आता ऐका आमच्या लोकांचं. लक्ष्मण काका दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. ‘आभार मानले असते तं जीभ झिजली असती का तुही?’

‘काका, मानले असते तरी त्यांनी कधी ना कधी कुलूप लावलंच असतं. गोडीनं राहतीन तवपर्यंत, असं म्हणाले ते. आयकलं नाई का तुमी?’

‘आयकलं. सगळं आयकलं. आमी का बहिरे हाओत?’ काकांचा आवाज चढला. ‘तू शायेत जातं. आमाले त्याच्याच बागेत जा लागते. संत्रा तुटाले आला. उद्या त्यानं बाहेरून मजूर आणला तं पोट्टे का खातीन, तुहं भाषण?’

काका खोटं बोलत नव्हते, आणि मीही बोलले नव्हते. मला पाटलांचा राग येत नाही इतका या गोष्टीचा येतो. दोन खरी माणसं दारात उभी राहून एकमेकांवर ओरडतात आणि तिकडे बागेला ठिबकनं पाणी चालू असतं.

विहिरीवर बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. माझ्या शाळेतले मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, कायले नादी लागता? अतिथी शिक्षकाची नोकरी, वर्षावर्षाची.’ पल्लवीनं फोन केला. म्हणाली, ‘तू चांगलं बोललीस, पण वेळ चुकली.’ मी म्हटलं, ‘वेळ माझी नव्हती, तुमच्या कार्यक्रमाची होती.’ तिनं फोन ठेवला. अकरावीतल्या भाषणाचं ती काही बोलली नाही. तिला ते आठवत तरी असेल का, कोण जाणे.

आई तर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची आणि पाठ फिरवायची. मग एकदा अंगणात तूर पाखडताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली,

‘मी मरीन तं मले कुठून नेसान?’

मला वाटलं की हा टोमणा आहे. होताच.

‘पांदणीतून.’

‘कुलूप हाये.’

‘तं फाटकापुढं ठेवू.’

सूप थांबलं. ‘आन् मंग?’

‘मंग बसू. कुलूप निघेपर्यंत.’

‘लोक येतीन का बसाले?’

‘माहीत नाही, आई. मी बसीन.’

आईनं खडे वेचून बाजूला टाकले. शाबास म्हटलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ‘नाल्यातून नोको नेजो. त्याइचा हात मले अजून दिसते.’ आणि पुन्हा पाखडायला लागली.

फाटकाला आजही कुलूप आहे. तहसीलमध्ये मी पुन्हा जाऊन आले, साहेब बदलले आहेत, नवे म्हणतात पाहू. पांढुर्णा आता जिल्हा झाला, तिथेही जाईन. मोहल्ल्यात निम्मे लोक मला पाहून दार लोटतात. हे सगळं आहे तसं सांगून ठेवते. कोणी असं समजू नये की एक बाई बोलली आणि रस्ता उघडला.

पण माझं ठरलं आहे. येत्या ग्रामसभेत मी शेवटी उठणार नाही. पहिली उठीन. आज आपण कशाला जमलो ते मी सांगीन, नाव पुकारलं नाही तरी. लोक बसलेले असतील तेव्हाच. माईक काढून घेतला तर माईकवाचून. माझी पत काय, असं कोणी विचारलं तर सांगीन की संत्र्याचे काटे हातात घेऊन जो माणूस शिडीवरून उतरायचा, तो माझा बाप. आमच्या बागेतला एक मजूर नाही. माझा बाप.

सरांचा परवा पुन्हा फोन आला होता. शाळेत कार्यक्रम आहे, आभाराला कोणी नाही. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचाही त्यांनी फळ्यावर एक गोल काढला असता.

आणि आईला मी शब्द दिला आहे. ती जाईल तेव्हा पाऊस असो की ऊन, तिरडी नाल्यात उतरणार नाही. फाटकापुढे ठेवली जाईल. तिथे कोणी भाषण करणार नाही. कुलूप काढायला कोणी आलं, तर वाट सोडून आम्ही त्याला पुढे जाऊ देऊ. आभार मात्र कोणी मानायचे नाहीत.